माळ्यावर सापडलेलं चार शिंगांचं डोकं

झाडीपट्टीकर | शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, दिवाळीत गावी जाऊन आलो. गाव नवेगावबांधच्या बाजूला, गोंदिया जिल्ह्यात. वाड्याची वाटणी झाली, आता तो पाडायचा आहे, म्हणून माळा रिकामा करत होतो. घंगाळं, फुटक्या दौती, वाळवी लागलेली बाडं, आणि सगळ्यांच्या खाली गोणपाटात बांधलेलं एका जनावराचं डोकं. कवटी बकरीच्या कवटीपेक्षा लहान, निमुळती. मागे दोन शिंगं सरळ उभी, गुळगुळीत, माझ्या बोटापेक्षा जराशी लांब. आणि पुढे, भुवयांच्या जागी, आणखी दोन, अंगठ्याच्या पेराएवढी. आधी वाटलं कुणीतरी गंमत म्हणून चिकटवलीत. हलवून पाहिलं तर हाडातूनच आलेली.

आजोबा मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार होते. शिकारीचा शौक होता. ते १९६८ साली गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच. वडील सांगायचे की मोहाच्या दिवसांत पहाटे अंगणात बैलगाडी यायची आणि तिच्यात पळसाच्या पानांखाली 'भेडकी' असायची. पण भेडकी म्हणजे भेकर ना? भेकराला चार शिंगं कुठून आली?

जाणकारांनी सांगावं. ही लहान हरणं तेव्हा नेमकी मारायचे कशी, तेही ऐकायचंय. घरात सांगणारं कुणी उरलं नाही. एक आत्या आहे, पण तिला शिकारीचं विचारलं की ती मसाल्यावर घसरते. बंदूक काकांनी केव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली. हे डोकं तेवढं राहिलं. भाचा म्हणतो, दिवाणखान्यात लावू.

---

शंकासुर | शुक्रवार, रात्री १०:४०

भाच्याला आधी आवरा, बाकीचं नंतर बोलू.

तो चौशिंगा आहे. चार शिंगांचं रानटी जनावर जगात हे एकच. भेकराशी त्याचा संबंध फक्त रंगाचा आणि उंचीचा. भेकर हे सारंग कुळातलं, त्याची शिंगं दरवर्षी गळून पुन्हा येतात. चौशिंगा कुरंग कुळातला, काळविटासारखा. त्याची शिंगं आयुष्यभराची, आत हाडाचा गाभा आणि वर टोपण. तुमच्याकडच्या कवटीवरचं एखादं टोपण हलत असेल तर ओढू नका, निघून येईल. आणि खरा सख्खा कोण म्हणाल तर रोही, म्हणजे नीलगाय. त्या घराण्यातले हे दोघेच आज जिवंत आहेत. एक घोड्याएवढा, एक बकरीएवढा.

---

झाडीपट्टीकर | शुक्रवार, रात्री १०:५५

डावीकडचं टोपण हलतंय खरं! हात लावणार नाही. पण मग घरात सगळे भेडकी का म्हणायचे?

---

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:२०

कारण सगळेच म्हणायचे. ब्रिटिश काळातल्या प्राण्यांच्या याद्या काढून बघा, चौशिंग्याच्या पुढे मराठी नाव 'भेकरा' आणि भेकराच्या पुढेही तेच, थोडं इकडे-तिकडे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी १८१६ सालीच चौशिंग्याला स्वतंत्र नाव दिलं होतं. आपल्याकडे मात्र गुडघ्यापेक्षा उंच, कमरेपेक्षा बुटकं, तांबूस आणि एकटं दिसणारं जे काही झुडपात शिरेल ते भेकर. मादीला तर एकही शिंग नसतं. मग कोण मोजत बसणार?

---

रानवेडी | शनिवार, सकाळी ७:३०

मी नागझिऱ्यात बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा-गणनेला दोनदा मचाणावर बसले आहे. पहिल्या वर्षी रात्रभर अस्वल आणि रानडुकरं. सकाळी साडेआठला, आता उतरायचं म्हणून पाण्याची बाटली भरत होते तेव्हा हा आला. नर होता. दर चार पावलांवर थांबायचा, पुढचा पाय अर्धवट उचलून धरायचा, मग कुणीतरी दोरी ओढल्यासारखा झटक्याने टाकायचा. पाणी प्यायला दहा मिनिटं आणि पाण्यापर्यंतचे वीस हात यायला पाऊण तास. पुढची शिंगं दुर्बिणीतूनही मला नीट दिसली नाहीत, शेजारच्या दादांनी दाखवली तेव्हा दिसली. पायांच्या पुढच्या बाजूने उतरलेली काळी रेघ बघायची, ती ओळखीची सोपी खूण.

खांद्याशी जेमतेम दोन फूट, वजन वीस किलोच्या आसपास. कळप करत नाही, एकटा नाहीतर जोडीने. हा प्राणी मुळात दिवसाचा आहे. आणि रोज पाणी लागतं त्याला, त्यामुळे पाण्यापासून लांब जात नाही. हीच त्याची अडचण.

---

देवगडचो | शनिवार, सकाळी ९:०५

आमच्या थंय चौशिंगो नाय, पण भेकर नि पिसोरी (उंदीरहरीण) होती. शिकारीचं विचारलंत म्हणून लिहितो. मी सात-आठ वर्षांचा असताना शेवटची पारध बघितली, नंतर गावाने बंद केली.

शिमग्याच्या आसपास गावची पारध निघायची. देवाला गाऱ्हाणं घालून. बंदुका तीन-चारच, सगळ्या ठासणीच्या. नळीत दारू ओतायची, चिंधीचा बोळा, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा बोळा, वर केप. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत जनावर विजयदुर्गात. बंदूकवाले पाणंदीच्या तोंडाशी जागा धरून बसायचे, बाकी गाव पत्र्याचे डबे बडवत नि कुत्री सोडून रान उठवायचा. आणि जुने लोक सांगत, त्यांच्या लहानपणी बंदुकीआधी वाघर होती. सुताच्या जाड दोरीचं जाळं, कमरेएवढं उंच, झुडपांना टेकवून उभं करायचं. जनावर त्यात शिरलं की जाळं त्याच्यावर कोसळायचं.

वाटणी मात्र अशी काटेकोर की आजकाल सोसायटीच्या सभेत होत नाही. पहिला वाटा देवाचा. मग बार ज्याचा लागला त्याला मांडी. बंदुकीचा वेगळा वाटा, कुत्र्याचा वेगळा. आणि घरटी एक पानाचा द्रोण, विधवा बाईच्या घरीसुद्धा. भेकर बारकं असलं तर द्रोणात काय येणार, दोन बोटं मटण. पण जायचा.

---

खवय्या नागपूरकर | शनिवार, सकाळी ९:३०

चव कशी असायची हो? बकऱ्यासारखी की

---

संपादक | शनिवार, सकाळी ९:५२

वन्यप्राण्यांच्या मांसाच्या चवीवर आणि पाककृतींवर आलेले तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत, एक अर्धवट राहिला तो उदाहरण म्हणून ठेवला आहे. जुन्या आठवणी, इतिहास, निसर्ग यांवर जरूर लिहा. अलीकडच्या शिकारीचे किस्से इथे नकोत. धागाकर्त्याने कवटीचे फोटो टाकू नयेत ही विनंती.

---

हाकेवाल्याचा नातू | शनिवार, दुपारी २:१५

धागा सकाळपासून तीनदा वाचला. लिहावं की नाही असं झालं होतं. माझं गाव तुमच्यापासून फार लांब नाही, झाडीपट्टीकर भाऊ. तुमचे आजोबा कोण ते मला माहीत नाही, माहीत करूनही घ्यायचं नाही. पण माझा आजा हाकेवाला होता, शिकाऱ्यांसाठी रान उठवणारा.

हाका म्हणजे काय ते तुमच्या अंगणातल्या बैलगाडीतून दिसत नाही. मालगुजाराचा कोतवाल रात्री दवंडी द्यायचा, घरटी एक माणूस. पहाटे अनवाणी रानात. बांबूची काठी, तोंडाने आवाज, कुणाकडे ढोल. मचाणावर साहेब आणि पाहुणे. तीन-चार हाके करून दिवस बुडायचा. मिळायचं काय? कधी पायलीभर धान, कधी काहीच नाही. वेठच ती. सांबर पडलं तर आतडी आणि मान हाकेवाल्यांची. लहान जनावर पडलं तर तेही नाही, ते अख्खं वाड्यावर. म्हणून तुमच्या वडिलांच्या आठवणीत पळसाच्या पानांखालची भेडकी आहे आणि आमच्या आठवणीत नाही.

आजा एक गोष्ट सांगायचा, ती मात्र ऐकण्यासारखी आहे. म्हणायचा, सांबर नि डुक्कर हाक्यापुढे पळतं, भेडकी पळत नाही. गवतात दबून बसते. तू तिच्यापासून पाच हातांवरून ओरडत गेलास तरी हलत नाही. मग दोन माणसांच्या मधून मागच्या मागे सटकते. हाकेवाल्यांना ती दिसायची. बऱ्याचदा ते बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण ओरडून फायदा कुणाचा?

म्हणून वाड्यावर येणारी भेडकी हाक्याची नसायची. ती मोहाची असायची.

---

झाडीपट्टीकर | शनिवार, दुपारी ३:४०

भाऊ, लिहिलंत हे बरं केलंत. मी नुसतं 'शौक' लिहून मोकळा झालो होतो. मोहाचं समजलं नाही, जरा सांगाल?

---

हाकेवाल्याचा नातू | शनिवार, सायंकाळी ६:१०

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे फुलांचा सडा पडतो आणि रानात दुसरं हिरवं काही उरलेलं नसतं. अस्वल येतं, चितळ येतं, भेडकी येते. बाया टोपल्या घेऊन उजाडताना वेचायला जातात, कारण त्यांच्या आधी ही मंडळी वेचून गेलेली असतात. आता ज्याला शिकार करायची त्याने रान कशाला तुडवावं? मोहाच्या खोडाला आडोसा करून पहाटे चारला बसायचं. भरमार आधीच भरून ठेवलेली. (देवगडकरांची ठासणीची ती आमची भरमार.) टॉर्च आल्यावर तर अजून सोपं, डोळे चमकले की बार. डोळ्यांवरून नर की मादी, भेकर की चौशिंगा, काही कळत नाही. बार झाल्यावर जे पडेल ते भेडकी.

---

रानवेडी | शनिवार, रात्री ८:००

आणि इथेच मला अंगावर काटा येतो. चौशिंग्याचा माजाचा काळ साधारण मे ते जुलै. आठ महिन्यांचा गर्भ. म्हणजे पिल्लं जन्मतात जानेवारी-फेब्रुवारीत, एक किंवा दोन. मोहाखाली मार्च-एप्रिलमध्ये येणारी मादी ही महिना-दोन महिन्यांच्या पिल्लाची आई असते. पिल्लू जवळच गवतात बसवून ती खायला आलेली असते. तुमच्या वाड्यात नराचं डोकं राहिलं कारण त्याला शिंगं होती. बिनशिंगाच्या किती गेल्या त्याची आठवण कुठल्या माळ्यावर असणार?

---

किन्शासातून | शनिवार, रात्री ११:३०

मी मूळचा सांगलीचा, कामानिमित्त नऊ वर्षं काँगोत आहे. देवगडकरांचं वाघर वाचून उठून बसलो.

इथल्या रानांत डायकर नावाची कुरंगं आहेत. आपल्या चौशिंग्याची नात्याने कुणी नव्हेत, पण बांधा तोच: पाठ वाकलेली, शिंगं छोटी, धोका दिसला की डोकं खाली घालून झाडोऱ्यात बुडी. नावच त्यावरून पडलं, आफ्रिकान्स भाषेत डायकर म्हणजे बुडी मारणारा. सगळ्यात लहान निळा डायकर, लिंगाला भाषेत 'म्बोलोको'. उंची जेमतेम एक फूट, वजन चार-पाच किलो. इथल्या लोककथांत म्हणे तो आपल्या सशासारखा चतुर असतो, बिबट्याला फसवतो.

ईशान्येला इतुरीच्या रानातले म्बुटी लोक त्याला जाळ्यानेच धरतात. वेलीच्या सालीचा दोर वळून विणलेली जाळी, प्रत्येक कुटुंबाचं आपलं. शिकारीला सगळी जाळी जोडून अर्धवर्तुळ करायचं. जाळ्यामागे पुरुष भाले घेऊन गप्प बसतात आणि बायका-पोरं समोरून ओरडत, झुडपं बडवत रान उठवत येतात. जनावर ज्याच्या जाळ्यात अडकलं त्याचं, पण वाटे सगळ्यांचे. शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात आका लोकही असंच करतात. देवगड ते इतुरी, मधे अख्खा समुद्र, आणि पद्धत एक! अजून एक युक्ती इथली: नाक दाबून पिल्लासारखं बेंबाटायचं. डायकर बघायला येतो. भित्रं जनावर, पण कुतूहल दांडगं.

हे झालं जुनं. मी प्रत्यक्ष बघितलं ते नदीकाठच्या बाजारात: धुरावलेले, काळे पडलेले अख्खे डायकर, टोपलीत रचलेले. ते जाळ्याचे नसतात. तारेच्या फासांचे असतात, नाहीतर रात्री टॉर्चवर बंदुकीने मारलेले. म्बोलोको दिवसाचा प्राणी, रात्री झोपतो, प्रकाश पडला की बसल्या जागी थिजतो. जाळ्याची शिकार दिवसभराची आणि घाम काढणारी, संध्याकाळी पाय दुखले की माणूस आपोआप थांबतो. फास थांबत नाही. तो लावणारा घरी झोपलेला असतो, आणि पाच दिवसांनी गेला तर अर्धी जनावरं सडलेली असतात.

---

देवगडचो | रविवार, सकाळी ८:२०

पाय दुखले की माणूस थांबतो, हे लाखात एक बोललात.

---

जुना वनरक्षक | रविवार, सकाळी ११:००

तीस वर्षं खात्यात काढली, बहुतेक पूर्व विदर्भात. वरचं सगळं वाचलं. फासाबद्दल काँगोच्या भाऊंनी लिहिलंय ते इथेही जसंच्या तसं.

आमच्याकडे फास असतो मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा. स्वस्त, सहजी गंजत नाही, दिसत नाही. चौशिंगा यात सापडण्याचं कारण त्याची शिस्त. तो पाण्याला रोज एकाच वाटेने जातो. लेंड्या टाकायची जागाही ठरलेली, पुन्हा पुन्हा तिथेच येतो, ढीग साचतो. नवा वनरक्षक आला की आम्ही त्याला तो ढीग दाखवायचो, 'इथे चौशिंगा आहे' म्हणून. पण जो ढीग वनरक्षकाला दिसतो तो दुसऱ्यालाही दिसतोच. उन्हाळ्यात गस्त म्हणजे नाल्यात वाकून वाकून तारा शोधणं. एका सकाळी एकाच नाल्यात अकरा काढल्यात मी. कंबर गेली माझी ती त्यातच.

दुसरं पाण्यात युरिया टाकणं. आटत आलेला डोह बघून टाकतात, जो पिईल तो मरतो, कावळ्यापासून. तिसरा करंट. अकरा केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून खुंट्यांवरून तार नेतात. डुकरासाठी लावतात, त्यात वाघ मरतो, कधी लावणाराच मरतो.

आता कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद. आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फास लावणं तर आहेच, रान उठवणंसुद्धा आहे. म्हणजे बार न काढता नुसता हाका केला तरी गुन्हा.

आणि तुमच्या भेडकीच्या गोंधळाची खरी किंमत ऐका. २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत भेकर होतं तिसऱ्या अनुसूचीत आणि चौशिंगा पहिल्या अनुसूचीत. भेकराला जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा नुसता दंड. चौशिंग्याला कमीत कमी तीन, सातपर्यंत. आरोपी पकडला की पहिलं वाक्य 'साहेब, भेडकी आहे.' त्याहून हुशार असला तर 'बकरी आहे.' मुंडकं जाळलेलं, कातडं पुरलेलं, समोर नुसतं मांस. मग नमुना हैदराबादला सीसीएमबी या प्रयोगशाळेकडे नाहीतर देहरादूनला वन्यजीव संस्थेकडे. अहवाल येईस्तोवर पंचनाम्यात काय लिहायचं यावर आमची आपसांत भांडणं व्हायची. घाईत 'भेकर' लिहिलं की आरोपीच्या वकिलाला आयतं कोलीत.

---

वऱ्हाडी ठेचा | रविवार, दुपारी १२:४५

साहेब, हे सगळे धंदे पारध्यांचेच ना पण?

---

जुना वनरक्षक | रविवार, दुपारी १:३०

नाही. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं, त्यामुळे उत्तर तयार आहे. फासेपारधी फासानेच शिकार करायचे, ती त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, गाईच्या आडोशाने जनावराजवळ जायचे वगैरे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का तुमच्या वाक्यात अजून आहे. मी धरलेल्यांत क्लचची तार लावणारा बहुतेक वेळा गावातलाच, सात-बारा असलेला, मोटारसायकल असलेला निघाला. तार येणार कुठून?

---

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ९:१५

सात-बाराचा विषय निघाला म्हणून मीही लिहितो. माझी चार एकर जंगलाला लागून. धान, मागून लाखोळी. डुक्कर एका रात्रीत अर्धा एकर लोळवतं. रोही पण येते. त्यांना मारायच्या परवानगीचा कागद आहे, पण तो हातात येईपर्यंत पीक कापून झालेलं असतं. मी झटका मशीन लावलंय, सौरवरचं, त्याने जनावर मरत नाही, पळतं. सगळ्यांना परवडत नाही.

पण चौशिंग्याने माझं काही खाल्लेलं नाही. बांधावर बोरं पडतात ती खायला यायची एक मादी, दोन वर्षं. धुऱ्यावर उभी राहायची आणि मी खोकलो की फटकन गवतात. तिसऱ्या वर्षी आली नाही. कुणी मारली की बिबट्याने नेली, देव जाणे. शेजारच्या शेतात तेव्हा तार होती, एवढं लिहितो आणि थांबतो. नाव घेणार नाही, रोज तोंड बघायचंय.

---

शंकासुर | रविवार, रात्री १०:००

थोडं अवांतर, पण कुणीतरी मला व्यक्तिगत निरोपात विचारलं की मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यपशू-पक्षी संरक्षण कायदा झाडीपट्टीकरांच्या आजोबांना लागू नव्हता का. झाला तेव्हा नव्हता. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारीच १९५१ साली गेली. त्याआधी सरकारी राखीव जंगलात शिकारीचे ब्लॉक पाडून परवाने दिले जात आणि मालगुजारी जंगलात मालगुजार म्हणेल तो कायदा. नागझिरा अभयारण्य झालं १९७० साली, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली. तोवर आजोबांना जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हा डोकं चोरीचं म्हणता येईलच असं नाही. पण ते घरात ठेवणं हा वेगळा विषय, तो वनरक्षक साहेबांनी सांगावा.

---

जुना वनरक्षक | सोमवार, सकाळी ८:१०

१९७२ च्या आधीचं असलं तरी जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायला हवं होतं. २००३ साली सरकारने शेवटची १८० दिवसांची मुदत दिली होती. तुमच्याकडे कागद नसणार, कारण माळ्यावर काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. भिंतीवर लावू नका, कुणाला देऊ नका, विकण्याचा तर विचारही नको. ओळखीचा वकील घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्जासह जा. स्वतःहून गेलेल्या माणसाकडे आणि झडतीत सापडलेल्या माणसाकडे बघायची नजर वेगळी असते. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

---

रानवेडी | सोमवार, सकाळी ८:३०

आणि जमा करताना कुठल्या गावच्या शिवारातलं, साधारण कुठल्या वर्षीचं, जे आठवत असेल ते लिहून द्या. आत्याला विचारा. मसाल्यातून बाहेर काढा तिला.

---

झाडीपट्टीकर | २६ दिवसांनी, रात्री ९:२०

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आत्याशी बोललो. नातूभाऊंचे प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हाकेवाले अंगणाबाहेर बसायचे, त्यांना पाणी वरून ओतायचे. हे तिने मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. डोक्याबद्दल म्हणाली, तळ्याच्या पलीकडच्या मोहाखालचं, तिच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यातलं. लग्न १९५९ चं. म्हणजे १९५८. पुढची दोन शिंगं तिनेच पहिल्यांदा बघितली होती, चौदा वर्षांची होती तेव्हा. आजोबांना दाखवली तर ते म्हणाले, 'असते एखादी अशी भेडकी.' आणि डोकं ठेवून घेतलं, नवल म्हणून.

गेल्या मंगळवारी वकिलाला घेऊन कार्यालयात गेलो. दोन चकरा फुकट गेल्या, साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले, बोलणं नीट झालं. टेबलावर गोणपाट सोडलं. लिहिणाऱ्या पोराने एकवार बघितलं आणि लिहायला घेतलं: 'भेडकी जातीचे वन्यप्राण्याचे जुने डोके, १ नग.'

मी म्हटलं, दादा, शिंगं मोजा.

त्याने पेनाच्या टोकाने मोजली. दोन. मग खाली वाकून पुन्हा बघितलं आणि आतल्या खोलीतल्या साहेबांना हाक मारली. दोघांनी मिळून मोजली. कागद फाडला, नवा घेतला. पोचपावतीवर आता 'चौशिंगा' लिहिलंय, 'शिं' वरचा अनुस्वार राहिलाय तेवढा.

---

शंकासुर | २६ दिवसांनी, रात्री ९:३५

अनुस्वार मी माफ केला.

---

हाकेवाल्याचा नातू | २६ दिवसांनी, रात्री ११:०५

आत्याबाईंना नमस्कार सांगा. तळ्यापलीकडचा तो मोह अजून उभा आहे का?

---

झाडीपट्टीकर | २६ दिवसांनी, रात्री ११:२०

आहे. एप्रिलमध्ये या, दाखवतो.